बदली होऊन आलेला खलनायक

नायक उभा करताना रेणुका तांबेच्या नाकीनऊ यायचे, पण खलनायक मात्र तिला आयता मिळायचा. नायक उंच असावा की मध्यम, किती शिकलेला, आईचं किती ऐकणारा, हा घोळ महिना महिना चालायचा. खलनायकाचं तसं नव्हतं. कागदावर त्याचं नाव लिहिलं की तो स्वतःच्या पायांनी चालत यायचा, बोटातली अंगठी फिरवत बसायचा आणि कुणी काही विचारलं की वाक्य पुरं व्हायच्या आधीच थोडं हसून म्हणायचा, "बघू या, बघू या."

'केतकी किनारे' या नावानं तिच्या डझनभर प्रेमकथा निघाल्या होत्या. आधी एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मिळायच्या, अलीकडे मोबाइलवरच्या ॲपवर प्रकरणाप्रकरणानं येत. वाचणाऱ्या बायका खाली गमतीनं लिहायच्या की केतकीताईंचा व्हिलन दर वेळी नाव बदलतो, हसणं काही बदलत नाही.

त्यांचं खरं होतं. माणूस एकच होता, प्रज्ञेश मोहिते. वीस वर्षांपूर्वी रेणुकाचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं. दोघं बीएडला एकाच वर्गात होती, घरच्यांनी आनंदानं साखरपुडा केला होता. लग्नाच्या आठवड्यात त्याच्याकडून निरोप आला की जमणार नाही. कल्याणचं दुसरं स्थळ आलं होतं, एवढं मागाहून कळलं. तो स्वतः आला नाही.

पुढं रेणुकाचं लग्न राजेंद्रशी झालं आणि ते चांगलं झालं. राजेंद्र मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. घरी यायचा तेव्हा कपड्यांना अमोनियाचा वास असायचा, बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते नीट. मोडलेल्या लग्नाची हकीकत तिनं त्याला आधीच सांगितली होती. तिच्या कादंबऱ्या मात्र त्यानं कधी वाचल्या नाहीत. रत्नागिरीतल्याच एका हायस्कुलात रेणुका मराठी शिकवायची, मुलगी सानवी आता दहावीला आली होती, आणि लिहिणं व्हायचं ते पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा संस्थेनं नवे मुख्याध्यापक पाठवले होते. शिपाई केरू हजेरीपट घेऊन आला आणि म्हणाला, मोहिते सर म्हणून आहेत, चिपळूणहून बदली होऊन आलेत. आडनाव ऐकून रेणुकाला काही वाटलं नाही. मोहिते काय थोडे आहेत? मिटिंगला गेली आणि दारातच थबकली. टक्कल पडलं होतं, चष्मा आला होता, पोट सुटलं होतं, पण अंगठी फिरवणारा हात तोच होता.

त्यानंही तिला ओळखलं. मिटिंग संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "अरे, तुम्ही जाधवांच्या ना, राजापूरच्या? वडील बरे आहेत ना?" आवाजात संकोच नव्हता की ताठा नव्हता. गावच्या कुणी ओळखीच्यानं विचारावं तसं विचारून तो पुढच्या माणसाकडं वळला.

इतकी वर्षं मनात घोकलेली उत्तरं तशीच घेऊन रेणुका वर्गावर गेली.

आणि माणूस वाईट निघेना, ही खरी पंचाईत झाली. महिन्याभरात त्यानं मुलींच्या संडासांची दारं बदलून घेतली. आधीच्या दोन मुख्याध्यापकांना ते जमलं नव्हतं. गळक्या वर्गातली मुलं त्यानं स्वतःच्या केबिनबाहेरच्या व्हरांड्यात बसवली. शिक्षकांवर ओरडायचा नाही, कुणाची रजा अडवायचा नाही. स्टाफरूममध्ये त्याचं कौतुक सुरू झालं की रेणुका वह्यांत डोकं घालून बसायची.

घरी पंधरावं प्रकरण अडलं. कादंबरीत खलनायकाची एंट्री व्हायची वेळ आली होती आणि तो येईना. ती नाव लिहायची, खोडायची, दुसरं लिहायची. डोळ्यांसमोर संडासाची दारं मोजून घेणारा टकला माणूस यायचा. त्याच्याकडून नायिकेला पळवून कसं न्यायचं?

पुण्याहून संपादक श्रद्धाचे फोन येऊ लागले. श्रद्धा वयानं लहान, पण कामाला चोख. ती म्हणायची, ताई, ॲपवर प्रकरणं थांबली की वाचक दुसरीकडं जातात, काहीही करा पण व्हिलन आणा. मग रेणुकानं खलनायक बनवून बघितले. एक केला ट्रॉलरचा मालक, काळा चष्मा, सोन्याची साखळी. नायिकेला तो ट्रॉलरवरून पळवून नेतो, असं प्रकरण लिहून तिनं पहिल्यांदाच राजेंद्रला वाचून दाखवलं. राजेंद्रनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कधी घडतंय?" त्यानं विचारलं.

"आषाढात. पाऊस पडत असतो, लाटा उसळत असतात."

"आषाढात मासेमारी बंद असते. ट्रॉलर सगळे किनाऱ्याला. आमचाच कारखाना अर्धा बंद असतो. हा एकटा कसा काय निघाला?"

तिनं ते प्रकरण पुसून टाकलं. नंतर एक बिल्डर झाला, एक विधवा आत्या झाली. आत्या दोन पानं जगली.

त्यातच भाद्रपदात गावाहून फोन आला. तिचे वडील, जानू जाधव, घराच्या जांभ्याच्या पायरीवरून घसरले होते. पायऱ्यांना शेवाळ धरलं होतं. मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी गाडी करून रत्नागिरीत आणलं, ऑपरेशन झालं आणि आबा लेकीच्या घरी आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावी ते एकटेच राहायचे. राजेंद्रनं पुढच्या खोलीत खाट टाकली. तिथंच रेणुकाचं लिहायचं टेबल होतं. ते माळ्यावर गेलं आणि लॅपटॉप ओट्याच्या कडेला आला, डब्यांच्या रांगेत. पहाटे उठायची ती आता आबांना बसतं करायला, तोंड धुवायला, गोळ्या द्यायला. सानवीला सकाळचा क्लास. शाळेत घटक चाचणीचे पेपर. एके दिवशी भाजीला फोडणी देता देता तिनं दोन ओळी टाइप केल्या, तर मोहरी करपली आणि ओळीही बऱ्या नव्हत्या.

रजेचा अर्ज घेऊन ती केबिनमध्ये गेली तेव्हा प्रज्ञेशनं तो न वाचताच सही केली. म्हणाला, वडिलांकडं बघा, आठवीचे तुमचे तास मी घेतो. आणि खरंच घेतले. मुलं सांगायची, सर कविता छान शिकवतात. रेणुकाला त्याचे उपकार मानावेसे वाटत नव्हते आणि न मानणंही बरं वाटत नव्हतं.

आबांना मात्र तिनं मुख्याध्यापकाचं नाव सांगितलं नाही. नवे साहेब चांगले आहेत, एवढंच म्हणाली.

प्रज्ञेशची बायको तेजल एका रविवारी दुपारी घरी आली. शिक्षक दिनाच्या कार्यक्रमात दोघींची तोंडओळख झाली होती आणि कुणीतरी बोलता बोलता तिला सांगितलं होतं की केतकी किनारे म्हणजे आपल्या तांबे मॅडम. आबा झोपले होते. रेणुका मागच्या दारी बांगडे साफ करत होती. हात धुऊन येते म्हणाली, तर तेजल म्हणाली, राहू द्या, मी इथंच बसते. आणि पाट ओढून बसली. कल्याणच्या बाईला पाटावर बसायची सवय दिसत नव्हती, पण ती उठली नाही.

बराच वेळ ती आबांच्या तब्येतीबद्दल बोलली. मग म्हणाली, "मी तुमच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्यात. चिपळूणला होते तेव्हापासून."

रेणुकानं मान हलवली.

"तुमचा व्हिलन बोलतो ना, बघू या, बघू या... आमच्या घरी गिझर बिघडला तरी हेच ऐकायला मिळतं. अंगठी फिरवत." तेजल हसली नाही. "मी वाचायचे आणि मला वाटायचं, असतात अशी सगळीच माणसं. इथं आल्यावर कळलं, तुम्ही राजापूरच्या, यांचं आधी तिकडं ठरलं होतं. मग जुळलं."

रेणुकानं हातातला बांगडा परातीत ठेवला. माफी मागावी की काय, हे तिला कळेना.

"मी भांडायला नाही आले," तेजल म्हणाली. "मला एवढंच विचारायचंय, तेव्हा झालं काय होतं? मला सासरी सांगितलं होतं की मुलीकडच्यांनी मोडलं."

मग रेणुकानं सांगितलं. हे तिनं आजवर कुणाला इतकं तपशीलवार सांगितलं नव्हतं, राजेंद्रलासुद्धा नाही. खळ्यात मांडवाचे खांब रोवले होते, बायका तांदूळ निवडत होत्या, तेव्हा मोटरसायकलवरून एक अनोळखी माणूस आला आणि आबांना बाजूला घेऊन बोलला. पाणीही न पिता गेला. आबांनी चपला घातल्या. समाजाच्या पंचायतीतून कुणाला पाठवावं, असं भाऊबंद म्हणाले, पण ते म्हणाले, आमंत्रण मी केलंय, नको म्हणून पण मीच सांगणार. संध्याकाळपर्यंत ते आपल्या वाडीतल्या आणि पलीकडच्या दोन वाड्यांतल्या प्रत्येक दारात जाऊन आले. परत आले तेव्हा खांब कुणीतरी काढून ठेवले होते. त्यानंतर वर्षभर ते विहारातल्या कुठल्याही कार्यक्रमाला पुढं बसले नाहीत, मागं दाराशी बसायचे.

तेजल ऐकत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. वीस वर्षं मी तुम्हालाच गर्विष्ठ समजत होते."

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी प्रज्ञेश स्वतः आला. हातात सफरचंदांची पिशवी. राजेंद्र कामावर होता. रेणुकानं दार उघडलं तेव्हा आबा खाटेवर टेकून बसले होते आणि सरळ दाराकडंच बघत होते. प्रज्ञेशनं चपला काढल्या, वाकून आबांना नमस्कार केला, "जयभीम आबा" म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"ओळखलंत का?"

"ओळखलं," आबा म्हणाले. "नातीनं नाव सांगितलं तेव्हाच ओळखलं. बस."

रेणुका दारातच उभी राहिली. म्हणजे आबांना केव्हाचंच ठाऊक होतं.

प्रज्ञेशनं पायाची विचारपूस केली. फिजिओथेरपीला ओळखीचा माणूस आहे, घरी पाठवतो म्हणाला. मग अंगठी फिरवत थोडं थांबला आणि म्हणाला, "आबा, ते जुनं... तेजल काहीतरी विचारत होती. तेव्हा दोन्हीकडून समजुतीनंच झालं होतं ना सगळं? तुम्ही मोठ्या मनानं घेतलंत. मी नेहमी सांगतो लोकांना."

तो खोटं बोलत नव्हता. रेणुकानं वर्गात खोटं बोलणारी पोरं हजारांनी बघितली होती, तिला कळलं असतं. त्याला खरोखरच तसं आठवत होतं.

आबांनी पांघरूण नीट केलं.

"समजुतीनं म्हणजे कसं रे बाबा? तू सांगितलंस, आम्ही ऐकलं. त्याला समजूत म्हणायची तर म्हण." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला पोरगी नको व्हती, तर नको. त्यात काय नाय. तू येऊन सांगितलं असतंस तर मी तुला चहा पाजून लावून दिला असता. पण तू आला नाय, माणूस धाडलास. मग दारोदार मी हिंडलो. लग्न नाय, लग्न नाय, सांगत. ते काम तुझं व्हतं."



"मला खरंच असं वाटलं नव्हतं, आबा," प्रज्ञेश म्हणाला.

"नाय वाटलं, ते दिसतंय." आणि आबा लेकीकडं वळून म्हणाले, "चहा ठेव गो. साहेब आलेत."

चहा झाला. आबांनी शाळेचं छप्पर किती गळतं ते विचारलं, कौलं बरी की पत्रा बरा यावर दोघं बोलले. प्रज्ञेश निघाला तेव्हा रेणुका फाटकापर्यंत गेली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तेव्हा एक फोन केला असता तर..." आणि पुढं काय म्हणायचं ते न सुचल्यामुळं स्कूटर सुरू करून गेला.

पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये तिनं त्याला सावंत सरांशी बोलताना ऐकलं. तांबे मॅडमच्या वडिलांना भेटून आलो, आमचे जुने संबंध आहेत, फार दिलदार माणूस, असं तो सांगत होता. मनापासून सांगत होता. आठवड्याभरात त्यानं ती संध्याकाळही पुसून, घासून, आपल्याला बरी दिसेल अशी करून ठेवली होती.

त्या दिवशी शाळेतून येताना रेणुकाला राग आला नाही याचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं ती ज्या माणसाला शिक्षा करत आली, कधी दरीत ढकललं, कधी तुरुंगात पाठवलं, त्या माणसानं आपण काही केलंय हे मनात ठेवलंच नव्हतं. तिच्या गोष्टींतले खलनायक कट करायचे, रात्र रात्र जागायचे. हा शांत झोपत होता.

घरी आल्यावर तिनं आबांना विचारलं, तुमचं ते दारोदार जाणं मी गोष्टीत घातलं तर चालेल का. तिला वाटलं, नको म्हणणार.

"घाल," ते म्हणाले. "पण पलीकडच्या वाडीतल्या धाकूच्या बायकोनं त्या दिवशी मला ताक दिलं आणि काय म्हणून विचारलं नाय, तेवढं पण घाल. नायतर माणसांवर अन्याय व्हईल."

पंधरावं प्रकरण ओट्याशी उभं राहूनच लिहून झालं. या वेळचा खलनायक तालुक्याच्या गावचा डॉक्टर होता. गरिबांना बरं बोलायचा, अडीअडचणीला धावायचा, नायिकेच्या वडिलांच्या आजारपणात औषधं आणून द्यायचा. नायिकेचं त्यानं काय केलं ते त्याच्या गावीही नव्हतं. राजेंद्रनं आपण होऊन ते वाचायला मागितलं आणि वाचून झाल्यावर म्हणाला, हा बरोबर आहे. त्या आठवड्यापासून सकाळी आबांचं सगळं तो करू लागला. कारखान्यात सांगून दुपारची पाळी घेतली. रेणुकानं सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही त्याबद्दल काही बोलून दाखवलं नाही.

श्रद्धाला मात्र प्रकरणं पसंत पडेनात. तिनं फोन केला.

"ताई, याला शिक्षा कुठे होते?"

"त्याला कळतच नाही. शिक्षा कसली करणार?"

"मग शेवटी एक थोबाडीत तरी? वाचकांना काहीतरी मिळायला हवं."

रेणुका नाही म्हणाली. दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी श्रद्धा म्हणाली, तुमची जबाबदारी, आणि प्रकरणं तशीच ॲपवर टाकली.

सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. व्हिलन कधी येणार, असं बायका विचारत राहिल्या. मग एकीनं लिहिलं की तो केव्हाच आलाय, परत मागं जाऊन वाचा. त्याखाली दुसरीनं स्वतःच्या चुलत दिराबद्दल लिहिलं, तिसरीनं नवऱ्याबद्दल. पुस्तक निघालं तेव्हा ते आधीच्यांपेक्षा फार जास्त गेलं असं नाही, पण ज्यांनी वाचलं त्यांनी लांबलचक लिहून कळवलं, हे पहिल्यांदाच झालं.

मार्चमध्ये मासळी बाजारात तेजल भेटली. कोळंबीचा वाटा ठरवता ठरवता म्हणाली, वाचली मी.

"आणि सरांनी?"

"दिली होती वाचायला. पाचपन्नास पानं वाचली. म्हणाले, डॉक्टर मात्र भला माणूस दाखवलाय." तेजलनं पिशवी पुढं केली, कोळंबी आत घेतली. "मी काही बोलले नाही. पण आता घरी कुणाला नाही म्हणायचं असलं की त्यांनाच पाठवते मी. स्वतः जाऊन सांगा म्हणते. जातात."

सानवीची परीक्षा संपली. आबा काठी घेऊन चालू लागले होते आणि जयंतीला गावी जायचंच म्हणून हटून बसले होते. चौदा एप्रिलला सगळी गावी गेली. आबांनी विहारात पुढच्या रांगेत खुर्ची मागितली, आता मांडी घालून बसवत नाही असं कारण सांगितलं.

श्रद्धानं नवीन कादंबरीबद्दल विचारलं तेव्हा रेणुकानं सांगितलं की दिवाळीनंतर. श्रद्धा म्हणाली, ताई, मध्ये खूप गॅप पडेल, लोक विसरतील. रेणुका म्हणाली, विसरू देत. असं ती आजवर कधी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर जरा धाकधूक झाली, पण पुन्हा फोन करून तिनं शब्द फिरवला नाही.

मे महिन्यात राजेंद्रनं रजा काढली आणि चौघं दापोलीच्या मुरुडला दोन दिवस राहून आली. सानवी लहान असल्यापासून जाऊ जाऊ म्हणत राहिलं होतं. सकाळी आबा काठी रोवत ओल्या वाळूतून पाण्यापर्यंत गेले. राजेंद्र मागून छत्री धरून चालला होता. सानवीनं विचारलं, आई, लॅपटॉप आणलायस ना? रेणुका म्हणाली, नाही आणला. आणि उन्हं चढेपर्यंत ती सुरूच्या सावलीत पालथी पडून गाढ झोपली.